'मून' (२००९): बघायच्या आधीचे आणि बघून झाल्यावरचे प्रश्न

हा पिक्चर मी आत्तापर्यंत पाच-सहा वेळा तरी बघितलाय आणि दर वेळी कुणाला ना कुणाला पकडून सोबत बसवलंय, त्यामुळे त्याच त्याच शंका परत परत ऐकून झाल्यात. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. वरचे प्रश्न बिनधास्त वाचा, त्यात काही फोडलेलं नाहीये. मध्ये एके ठिकाणी लाल कंदील लावलाय, त्याच्या खाली मात्र पिक्चर बघूनच जा, नंतर मला शिव्या घालू नका.

कुठला 'मून'? सर्च केलं की भलतंच काहीतरी येतंय.

नाव इतकं साधं ठेवलंय की होणारच. २००९ चा, डंकन जोन्सने डायरेक्ट केलेला, सॅम रॉकवेल हिरो. नटाचं नाव टाकून शोधा म्हणजे लगेच सापडेल. ९७ मिनिटांचा आहे, म्हणजे आपल्या पिक्चरचा इंटरव्हल होऊन पॉपकॉर्न संपेपर्यंत हा संपलेला असतो.

गोष्ट काय आहे? न फोडता सांग.

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे जी बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही तिकडे, एका कंपनीचा तळ आहे. लुनार इंडस्ट्रीज असं कंपनीचं नाव. तिकडच्या मातीतून हेलियम-३ काढायचं आणि पृथ्वीवर पाठवायचं, त्यावर पृथ्वीची जवळपास सत्तर टक्के वीज चालते असं सुरुवातीच्या जाहिरातीतच सांगून टाकतात. आणि एवढ्या सगळ्या कारभारासाठी तिथे माणूस किती, तर एक. सॅम बेल. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यातले दोन आठवडे उरलेत, घरी बायको टेस आणि छोटी मुलगी ईव्ह वाट बघतायत. सोबतीला गर्टी नावाचा रोबो, जो छताला लावलेल्या रुळावरून इकडून तिकडे सरकत असतो आणि एका छोट्या स्क्रीनवर हसरा, रडका, गोंधळलेला असे स्मायली दाखवतो. लाइव्ह बोलायची सोय बंद आहे, सॅटेलाइट बिघडलाय असं कंपनीने सांगितलंय, त्यामुळे घरचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ तेवढे येतात. आणि आता शेवटी शेवटी सॅमची तब्येत बिघडायला लागते, नसलेली माणसं दिसायला लागतात. इथपर्यंत पहिली पंधरा-वीस मिनिटं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

स्लो आहे का? झोप येईल का?

हो, स्लो आहे, खोटं कशाला बोलू. मारामाऱ्या नाहीत, एलियन नाहीत, स्फोट नाहीत, काउंटडाउन आहे पण ते वेगळ्या प्रकारचं. पण कंटाळवाणा नाही कारण साधारण अर्ध्या तासाच्या आसपास अशी एक गोष्ट होते की मग मोबाइल बाजूला ठेवावाच लागतो. फक्त रात्री अकरानंतर जेवण करून आडवं पडून बघू नका, क्लिंट मॅन्सेलचं पियानोचं म्युझिक तेच तेच परत येत राहतं आणि डोळे मिटायला लागतात. हा म्युझिकचा दोष नाही बरं का, ते मला फार आवडतं, स्वयंपाक करताना लावते मी.

डायरेक्टर डेव्हिड बोवीचा मुलगा आहे हे खरंय का?

खरंय. डंकन जोन्स त्या प्रसिद्ध इंग्लिश गायक बोवीचाच मुलगा, १९७१ चा जन्म. बापाने १९६९ मध्ये अंतराळात एकट्या पडलेल्या माणसावर गाणं गायलं आणि मुलाने चाळीस वर्षांनी त्याच विषयावर पहिला पिक्चर काढला, त्यामुळे लोक लगेच कनेक्शन जोडतात. मला विचाराल तर त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा बाबा फिलॉसॉफी शिकलेला आहे, आणि 'मी म्हणजे नक्की कोण' हा प्रश्न त्याने नुसता शोभेसाठी टाकलेला नाही हे पिक्चर बघताना कळतं. हा त्याचा पहिलाच फीचर, त्याआधी जाहिराती करायचा.

रॉकवेलला तो आधी वेगळ्याच स्क्रिप्टसाठी भेटला होता. ते जमलं नाही, पण गप्पांमध्ये दोघांनाही सत्तर-ऐंशीच्या दशकातले ते जुने सायन्स फिक्शन पिक्चर आवडतात हे निघालं, ज्यात अंतराळात चकचकीत हिरो नसायचे, कळकट कपड्यातले कामगार असायचे. मग डंकनने खास रॉकवेलसाठी ही गोष्ट रचली, पटकथा नेथन पार्करने लिहिली. म्हणून कॅरेक्टरचं नावही सॅमच.

बजेट खरंच एवढं कमी होतं? मग चंद्र इतका खरा कसा वाटतो?

साधारण पन्नास लाख डॉलर. आपल्याला आकडा मोठा वाटतो पण हॉलिवूडच्या अंतराळवाल्या पिक्चरमध्ये एवढ्यात कदाचित चहापाणी होत असेल. शूटिंग ३३ दिवसांत उरकलं, लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत.

चंद्र खरा वाटतो कारण त्यांनी जुन्या पद्धतीने खेळण्यासारखी मॉडेल्स बनवली. म्हणजे त्या चंद्रावर फिरणाऱ्या गाड्या, ते माती उपसणारे मोठमोठे हार्वेस्टर, ही सगळी हाताने बनवलेली छोटी मॉडेल्स आहेत, बिल पिअरसनसारखा जुना मुरलेला मॉडेलवाला त्यांच्याकडे होता, आणि मग वरून थोडं कॉम्प्युटरचं काम करून धूळ-बिळ घातली. गणपतीत ज्यांनी थर्माकोलचा किल्ला आणि पुठ्ठ्याची लोकल करून देखावे केलेत त्यांना हे लगेच समजेल, लाइट नीट मारला की पुठ्ठा पुठ्ठा राहत नाही. चंद्रावर हवा नाही त्यामुळे सावल्या एकदम काळ्याकुट्ट, आकाश काळं, रंग म्हणावा तर राखाडी. थोडक्यात चंद्र ही जागाच लो बजेटला सोयीची आहे हाहा.

आतला तळ मात्र खराखुरा सेट आहे, चारी बाजूंनी बंद. म्हणजे नट आत शिरला की तो खरंच आत, बाहेरचं काही दिसत नाही. पांढऱ्या भिंती पण मळलेल्या, कोपऱ्यात सामान कोंबलेलं, गर्टीच्या पाठीवर कुणीतरी 'लाथ मारा' असं चिकटवलेलं. कुणीतरी तीन वर्षं तिथे एकटं राहिलंय असं वाटतं. बॅचलर लोकांची रूम असते ना, तसं.

मुलांना दाखवू का?

शिव्या आहेत, थोडं रक्त आहे, एक-दोन सीन अस्वस्थ करणारे आहेत. सातवी-आठवीच्या पुढे हरकत नाही, त्याखालची मुलं बोअर होतील आणि 'एलियन कधी येणार' विचारून तुम्हाला भंडावून सोडतील.

हेलियम-३ खरंच असतं का? की उगाच फेकलंय?

असतं! सूर्याकडून जो वारा येतो, सौर वारा, त्यात हे कण असतात. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र आणि वातावरण असल्यामुळे ते आपल्यापर्यंत फारसे पोचत नाहीत, चंद्राला यातलं काहीच नाही त्यामुळे अब्जावधी वर्षं ते थेट तिथल्या मातीत जाऊन बसतायत. अपोलोवाल्यांनी आणलेल्या मातीत ते सापडलं सुद्धा. अपोलो १७ मधून चंद्रावर गेलेला हॅरिसन श्मिट, जो स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, तो कित्येक वर्षं हेच सांगत आलाय की चंद्रावर जाऊन हे काढा.

ड्युटेरियमबरोबर (हा हायड्रोजनचाच जड भाऊ) त्याचं फ्युजन केलं, म्हणजे दोघांचे अणू एकमेकांत जोडले, तर ऊर्जा भरपूर आणि न्यूट्रॉनचा त्रास खूप कमी, म्हणून स्वच्छ इंधन म्हणतात. पण आता हिशोब ऐका. चंद्राच्या मातीत हे अब्ज भागांत जेमतेम काही भाग असतं. अब्जात दहा भाग धरले तरी एक किलोसाठी एक लाख टन माती उपसून तापवायची, ती पण शेकडो डिग्रीपर्यंत. म्हणून पिक्चरमधले ते हार्वेस्टर एवढे अवाढव्य आहेत आणि थांबायचं नाव घेत नाहीत, ते डोकं लावून केलंय. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हे फ्युजन साध्या ड्युटेरियम-ट्रिटियमपेक्षा (ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा अजून एक जड भाऊ) अवघड आहे, त्याला तापमान अजून जास्त लागतं, आणि साधंवालं सुद्धा अजून आपल्या घरच्या वायरीत आलेलं नाही. त्यामुळे कुणी हेलियम-३ चे शेअर विकायला आलं तर दार लावून घ्या.

गंमत म्हणजे आपलं चांद्रयान-१ उडालं २२ ऑक्टोबर २००८ ला आणि हा पिक्चर सनडान्स फेस्टिव्हलला पहिल्यांदा दाखवला तो जानेवारी २००९ मध्ये. म्हणजे हा पिक्चर पहिल्यांदा लोकांसमोर आला तेव्हा आपलं यान खऱ्या चंद्राभोवती घिरट्या घालत होतं.

सगळं ऑटोमॅटिक आहे तर एका माणसाची तरी गरज काय?

चांगला प्रश्न. हार्वेस्टर आपोआप चालतात, माणसाने फक्त भरलेले डबे काढून आणायचे, पृथ्वीकडे पाठवायचे आणि काही बिघडलं तर बघायचं. आपल्याकडे लिफ्ट ऑटोमॅटिक असून लिफ्टमन बसवतात तसं. चार हार्वेस्टरना मॅथ्यू, मार्क, ल्यूक, जॉन अशी नावं आहेत, बायबलातली, ते जाता जाता ऐकून घ्या.

तीन वर्षं एकटं राहणं शक्य तरी आहे का?

एका दमात सगळ्यात जास्त काळ अंतराळात राहिलेला माणूस म्हणजे वलेरी पोल्याकोव्ह, मीर स्टेशनवर ४३७ दिवस, १९९४-९५ मध्ये. सॅमचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्या अडीच पट. आणि पोल्याकोव्हसोबत माणसं तरी होती. अगदी एकटेपणाचं उदाहरण म्हणजे अपोलो ११ चा मायकेल कॉलिन्स, बाकीचे दोघं खाली चंद्रावर चालत होते आणि हा वर एकटाच फिरत होता, दर फेरीत चंद्राच्या मागे गेला की साधारण ४८ मिनिटं कुणाशीच संपर्क नाही. पण ४८ मिनिटं आणि तीन वर्षं, तुलना कशी करणार.

मला मात्र हा पिक्चर बघताना अंतराळवीर आठवत नाहीत, मला माझा मामा आठवतो. तो बोटीवर होता, रत्नागिरीकडचे खूप जण असतात तसा. नऊ-नऊ महिने घरी नाही. त्या काळी फोन म्हणजे कुठल्यातरी बंदरावर उतरून बूथ शोधायचा. घरातून कॅसेट रेकॉर्ड करून पाठवायचे, मामी बोलायची, मग आम्हा पोरांना एकेकाला माईकसमोर उभं करायचे आणि आम्ही 'मामा चॉकलेट आण' एवढंच बोलून पळायचो. सॅम बायकोचा व्हिडिओ लावून बघतो, परत मागे घेऊन परत बघतो, तो सीन आला की मला ती कॅसेट आठवते. कॉन्ट्रॅक्ट संपायला पंधरा दिवस राहिले की माणूस कसा होतो हे ज्यांच्या घरी बोटीवरचं किंवा गल्फमधलं कुणी आहे त्यांना सांगायला नको. म्हणून मी सगळ्यांना सांगते की अंतराळ-बिंतराळ सोडा, हा नोकरीचा पिक्चर आहे. सॅम एक टी-शर्ट घालतो त्यावर लिहिलंय की सुट्टीची वेळ झाली की मला उठवा. टी-शर्ट लक्षात ठेवा.

(लाल कंदील. इथून खाली सगळं फोडलंय. ज्यांनी बघितला नाही त्यांनी उतरून घ्या.)

नक्की झालं काय? मला दोन सॅम बघून डोकं फिरलं.

शांतपणे सांगते. खरा सॅम बेल कधीतरी फार पूर्वी चंद्रावर येऊन, काम करून, घरी निघून गेलाय. कंपनीने त्याचे क्लोन बनवून तळाखालच्या एका लपवलेल्या खोलीत खणाखणांतून झोपवून ठेवलेत. एक क्लोन उठवायचा, त्याला सांगायचं की तुला अपघात झाला होता म्हणून थोडं विसरायला झालंय, तो तीन वर्षं राबतो, आणि तीन वर्षं झाली की घरी जायच्या कॅप्सूलमध्ये झोपायला सांगायचं. तो खुशीत झोपतो, आणि ती कॅप्सूल त्याला जाळून टाकते. मग पुढचा उठवायचा.

आपण ज्याला पहिल्यापासून बघतो तो सॅम (त्याला मी म्हातारा म्हणते, वय तेच असलं तरी) हार्वेस्टरला गाडी धडकून बेशुद्ध पडतो. तो मेला समजून पुढचा सॅम उठवला जातो. या नव्याला संशय येतो, तो गर्टीला गंडवून बाहेर पडतो आणि धडकलेल्या गाडीत जिवंत म्हातारा सापडतो. तिथून दोघं एका घरात.

घरचे व्हिडिओ सुद्धा जुनेच. टेस कधीच वारलीय आणि ईव्ह पंधरा वर्षांची झालीय. लाइव्ह कॉल सॅटेलाइट बिघडल्यामुळे बंद नव्हता, तळाच्या भोवती जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारे खांब, उभे करून मुद्दाम बंद ठेवला होता. म्हातारा गाडी घेऊन त्या जॅमरच्या हद्दीबाहेर जातो, घरी फोन लावतो, मुलगी उचलते, आणि मागून तिच्या बापाचा, म्हणजे खऱ्या सॅमचा आवाज येतो. मग तो फोन ठेवतो आणि गाडीत एकटा बसून म्हणतो, घरी जायचंय. त्या सीनला मी अजून एकदाही कोरड्या डोळ्यांनी बसलेली नाही.

दोन्ही सॅम सॅम रॉकवेलनेच केलेत? एकाच फ्रेममध्ये कसं काय?

हो दोन्ही तोच. कॅमेरा मशीनवर बसवायचा, म्हणजे तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करता येते, एकदा रॉकवेल या बाजूचा सॅम करणार, समोर रॉबिन चॉक नावाचा नट डमी म्हणून उभा, मग कपडे-मेकअप बदलून दुसऱ्या बाजूचा सॅम, आणि मागाहून दोन्ही जोडायचे. आपल्याकडे डबल रोलचे पिक्चर किती बघितलेत आपण, एक मिशीवाला एक बिनमिशीचा, मध्ये खांब. इथे दोघं टेबल टेनिस खेळतात, मारामारी करतात.

पण टेक्निक विसरा, अभिनय बघा. दोघांचा चेहरा एक, आवाज एक, तरी अर्ध्या सेकंदात कळतं कुठला कोण. म्हातारा तीन वर्षांत मवाळ झालाय, झाडांशी बोलतो, लाकडाचं गाव कोरत बसतो. नवीनवाला तापट, चिडका, सगळं पटापट हवं. म्हणजे घरातून निघताना सॅम जसा होता तो हा नवीन. बायकोशी भांडून आलेला. आणि म्हातारा म्हणजे तीन वर्षं एकटं राहून शहाणा झालेला. माणसाला स्वतःचाच पूर्वीचा अवतार भेटला तर तो त्याला आवडेलच असं नाही, हे इतकं सरळ दाखवलंय की बास. मला माझी बावीस वर्षांची मी भेटली तर मी पण दोन लावून देईन.

एकूण किती सॅम होऊन गेले?

पिक्चरमध्ये कुणी आकडा सांगत नाही. पण बोटं मोजून बघा, खरा सॅम निघाला तेव्हा ईव्ह तान्ही होती, आता ती पंधराची, प्रत्येक सॅमची तीन वर्षं. म्हणजे म्हातारा साधारण पाचवा. दुसरी खूण ते लाकडाचं गाव. त्यातली काही घरं आपण कोरल्याचं म्हाताऱ्यालाच आठवत नाही, म्हणजे ती आधीच्या सॅमनी कोरलेली. एकाने अर्धवट सोडलेलं काम पुढच्याने आपलंच समजून पुरं करत बसायचं, हे मला त्या क्लोनच्या खणांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

फक्त तीन वर्षंच का जगतात?

दात पडतात, नाकातून रक्त येतं, केस गळतात, हे दिसतं. शरीरच तेवढ्या टिकाऊपणाचं बनवलंय. मुद्दाम की तंत्रच कच्चं, ते पिक्चर सांगत नाही आणि नाही सांगितलं तेच बरं. चार्जरची वायर वॉरंटी संपली की आठवड्यात तुटते तेव्हा आपण तरी कुठे कंपनीला विचारतो.

क्लोनला आठवणी कशा येतील? हे तर चुकीचं आहे ना?

बरोबर पकडलंत. डॉली मेंढी १९९६ मध्ये क्लोन होऊन जन्मली ती कोकरू म्हणूनच जन्मली, मोठी होऊन बाहेर नाही आली, आणि मूळ मेंढीच्या चरण्याच्या आठवणी तिच्यात नव्हत्या. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेला जुळा, एवढंच. पिक्चरमध्ये खऱ्या सॅमच्या आठवणी काटछाट करून यांच्या डोक्यात भरलेल्या आहेत असं धरून चालायचं. एवढी एक थाप पचवली तर बाकी सगळं सुसंगत आहे.

मग खरा सॅम कोण?

यावर आमच्याकडे एकदा रात्री दीडपर्यंत वाद झालाय आणि शेजारच्या काकूंनी भिंत वाजवलीय. एक गट म्हणाला पृथ्वीवर आहे तोच खरा, बाकी सगळ्या झेरॉक्स. दुसरा गट लॉकवाला, म्हणजे सतराव्या शतकातला तो इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याचं म्हणणं साधारण असं की माणूस म्हणजे त्याच्या आठवणींची साखळी. पण इथे तीच पंचाईत आहे, लग्नाची आठवण दोघांनाही तेवढीच ताजी, आणि लग्नाला दोघंही नव्हते.

माझं मत असं की पिक्चर हा प्रश्न सोडवायच्या भानगडीत पडतच नाही. सुरुवातीला दोघं 'मी खरा, तू क्लोन' करून भांडतात, एका वळणानंतर ते थांबतात, कारण म्हाताऱ्याची तब्येत बिघडत चाललीय आणि नव्याला ते बघवत नाही. तो त्याला पांघरूण घालतो, त्याची काळजी करतो. उसन्या आठवणी दोघांच्या सारख्याच आहेत, पण म्हाताऱ्याची तीन वर्षं त्याची स्वतःची आहेत, कुणी भरलेली नाहीत, आणि नव्याचे हे दोन-तीन दिवस त्याचे स्वतःचे आहेत. शेवटी पृथ्वीकडे हेलियम नेणाऱ्या कॅप्सूलमध्ये (जाळणाऱ्या नव्हे) बसून कोण जाणार ते ठरतं तेव्हा कोण खरा हा विषयच निघत नाही, कोण जगणार एवढंच बघतात.

गर्टी शेवटपर्यंत चांगलाच राहतो? मी वाट बघत होते कधी उलटतोय.

सगळेच वाट बघतात! थंड आवाजाचा कॉम्प्युटर म्हटला की तो माणसं मारणार हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि डंकनने त्याचाच फायदा घेतलाय. आवाज केव्हिन स्पेसीचा, गोड पण थोडा संशयास्पद. गर्टी खोटं बोलतो, लपवतो, कारण तशी ऑर्डर आहे. पण सॅमने सरळ विचारलं की सरळ सांगतो, पासवर्ड सुद्धा स्वतः टाकून देतो, आणि पळून जाता यावं म्हणून स्वतःची मेमरी पुसून घ्यायला तयार होतो. त्याचं काम काय, तर सॅमला मदत करणं. कंपनीने हे वाक्य लिहिताना नीट विचार केला नाही आणि त्या बिचाऱ्याने ते मनावर घेतलं. ऑफिसमध्ये असा एखादा जुना क्लार्क असतो, नियमावर बोट ठेवतो असं वाटतं आणि ऐनवेळी तोच फाइल पुढे सरकवतो.

तळाचं नाव 'सारंग' का? मराठी आहे का?

नाही हो, कोरियन आहे, सारांग म्हणजे प्रेम. कंपनीत कोरियन भागीदारी असावी, भिंतींवर कोरियन अक्षरं दिसतात. पण कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा वाचून बोटीवरचा सारंगच आठवणार, मला पण तेच वाटलं होतं आणि मी दहा मिनिटं खूश होते.

चुका काढा ना थोड्या.

काढते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, बाहेर गाडी चालते तेव्हा ते थोडं पाळलंय, तळाच्या आत मात्र सॅम आपल्यासारखा धपधप चालतो, टेबल टेनिसचा चेंडू पण इथल्यासारखाच पडतो. पन्नास लाख डॉलरमध्ये प्रत्येक सीनला नट तारेवर टांगणं परवडणारं नाही, सोडून द्या.

दुसरं, चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून पृथ्वी दिसतच नाही, मग फोन करताना समोर आकाशात पृथ्वी कशी? तो बराच लांब गाडी हाकत कडेपर्यंत गेला असं समजायचं. संपर्काचं म्हणाल तर पलीकडून बोलायला मध्ये सॅटेलाइट लागतोच हे अगदी खरंय, चीनचं चांग-ई-४ जानेवारी २०१९ मध्ये त्या बाजूला उतरलं तेव्हा त्यांनी आधी खास त्यासाठी एक सॅटेलाइट पाठवून ठेवला होता. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर, सिग्नलला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे लाइव्ह बोलणं आरामात शक्य आहे, म्हणून तर सॅटेलाइट बिघडल्याची थाप मारावी लागली.

शेवटी काय झालं? ते आवाज कुणाचे?

नवा सॅम हेलियमच्या कॅप्सूलमधून पृथ्वीकडे सुटतो. म्हातारा परत त्या धडकलेल्या गाडीत जाऊन बसतो, म्हणजे तिकडे येणाऱ्या कंपनीच्या माणसांना प्रेत जिथे असायला हवं तिथेच सापडेल, आणि काचेतून कॅप्सूल जाताना बघत बघत जीव सोडतो. निघण्याआधी नव्याने एक हार्वेस्टर जॅमरवर घालायची सोय करून ठेवलीय आणि अजून एक क्लोन उठवून ठेवलाय, म्हणजे पुढच्याला तरी घरी फोन लागेल. मग पृथ्वीवरच्या बातम्यांचे आवाज येतात, क्लोनने साक्ष दिलीय, कंपनीचे शेअर पडलेत, आणि एक रेडिओवाला म्हणतो की हा माणूस एकतर वेडा असणार नाहीतर बेकायदा घुसलेला. एवढा प्रवास करून आला आणि इथे पहिला प्रश्न काय, तर कागदपत्रं कुठेत.

ऑस्कर मिळालं का? पुढचा भाग आहे का?

ऑस्करला साधं नॉमिनेशन पण नाही, रॉकवेलला ते २०१८ मध्ये दुसऱ्याच पिक्चरसाठी सपोर्टिंग रोलला मिळालं. ब्रिटनच्या बाफ्टाने मात्र डंकनला पदार्पणाचं अवॉर्ड दिलं आणि सायन्स फिक्शनवाल्यांचं ह्युगो पण २०१० मध्ये मिळालं. पुढचा भाग असा नाही, पण त्याच जगात घडणारा एक पिक्चर डंकनने २०१८ मध्ये काढला, त्यात मागे टीव्हीवर सॅम बेलची कोर्ट केस चालू असलेली दिसते. तेवढ्यासाठी बघायचा असेल तर बघा, मी अर्धा फॉरवर्ड केला.

मामांना दाखवलास का?

दाखवला, गेल्या दिवाळीत. सबटायटल वाचायचा कंटाळा करतो म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. फोनच्या सीनला उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. संपल्यावर चष्मा पुसत बसला, मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर म्हणतो, "अगं, पण त्या आधीच्या पाच जणांचा पगार कोणाच्या खात्यात गेला?"